लाईट गेली की भिंतीकडं तोंड

भोरात गेले की बाजारपेठेत कुणी ना कुणी भेटतंच, आणि गालातल्या गालात हसत विचारतं, "तूच ना गं ती, भिंतीकडं तोंड करून पुण्याची मॅच घालवणारी?" मी म्हणते, "व्हय, मीच. काय म्हणणं आहे?" मग त्यांचं काही म्हणणं नसतं. पण गावात ही गोष्ट अर्धीच फिरते, आणि अर्धी गोष्ट सांगणाऱ्यांचा मला भारी राग येतो. म्हणून पूर्ण मीच सांगते.

माझ्या मामूंचं, म्हणजे अम्मीच्या धाकट्या भावाचं, एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सहा कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, आणि पाऊस सुरू झाला की गळणारा एक कोपरा. सकाळी कॉलेजचे फॉर्म, निकाल, बायोडेटा. दुपारी गर्दी ओसरली की पोरं यायची आणि बंदुकीचा गेम सुरू व्हायचा. सहाही मशीन वायरनं एकमेकांना जोडलेल्या; तिघं एका बाजूला, तिघं दुसऱ्या. प्रत्येकाचा पडद्यावर एक शिपाई. त्याला गोळी लागून तो मेला की डाव संपेपर्यंत आपण गप बसून बघायचं. ज्यांचा माणूस शेवटी उरेल, डाव त्यांचा.

मी बी.कॉम.ला होते. कॉलेज सुटलं की काउंटरला बसायची. एकदा त्यांना एक गडी कमी पडला, कुणी मिळेना, तेव्हा मी म्हटलं, मी बसते. हशा पिकला. "अगं, ही काय भातुकली आहे का?" असं एकजण म्हणाला. बसले. त्यांच्यात सगळ्यात चांगला खेळायचा तो विंझर गावचा एक पोरगा. शेतकऱ्याचा, पुण्यात डिप्लोमाला होता, आणि सुट्टीला एसटीनं भोरात उतरला की घरी जायच्या आधी कॅफेत शिरणारा. त्याला मी एका ड्रममागून टिपलं.  तो उठून माझ्या मशीनपाशी आला. मला वाटलं, आता भांडणार. म्हणाला, "उद्या येशील का? माझ्या बाजूनं बस." माणूस दिलदार होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याला बरंच बोलणार आहे.

घरी सांगितलं. अब्बांनी कपाळाला आठ्या घातल्या. अम्मी मशीनवर पिको करत होती, ती मान वर न करता म्हणाली, "हरून आलीस तरी जेवायला वाढीन. रडून आलीस तर दार उघडायची न्हाई." आणि गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांची एक उशी शिवून दिली. मामूंच्या खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठीला कळ लावणाऱ्या. जिच्यावर ती उशी ठेवली, ती खुर्ची माझी झाली. त्यावर दुसरं कुणी बसलं तर पासलीचा त्याला उठवायचा. हा पासलीचा आमचा तिसरा गडी. डोंगरातलं गाव, बोलणं कमी, नेम पक्का.

तेव्हा लोडशेडिंग होतं. भाटघरचं धरण आमच्या उशाला, तिथं वीज तयार होते, आणि भोरात दिवसातनं कितीदा लाईट जायची ते विचारू नका. मामूंच्या इन्व्हर्टरवर दोनच मशीन चालायच्या, बाकी चार बंद. आता गंमत बघा. ज्याची मशीन बंद पडली त्याचा शिपाई काही लगेच जात नाही. इन्व्हर्टरवाल्यांच्या पडद्यावर तो थोडा वेळ तसाच उभा राहतो, शेतातल्या बुजगावण्यासारखा, आणि मग गायब होतो. तेवढ्यात त्याला मारायचं म्हटलं तर पोरखेळ.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा विंझरचा इन्व्हर्टरवर होता आणि समोर दुसऱ्या बाजूचे दोघं थिजून उभे. कुणीतरी ओरडलं, "मार की!" तो म्हणाला, "ह्या! आमच्याकडं कबड्डीत कुणाची नाडी तुटली तर डाव थांबतो. त्याला कुणी हात लावत न्हाई." आणि त्यानं आपल्या शिपायाच्या हातातली बंदूक ठेवली, चाकू घेतला, आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बघणारी पोरं हसून हसून लोळली. पण नियम ठरला तो ठरला. त्याला आम्ही नाडीचा नियम म्हणायचो. खेळ सुरू व्हायच्या आधी एकानं तो मोठ्यानं बोलायचा, बाकीच्यांनी हूं म्हणायचं. आमच्याकडं विटीदांडूपासनं क्रिकेटपर्यंत सगळं असंच. बोली झाली की झाली. मग मध्येच कुणी शब्द फिरवायचा नाही.

मग गेमची नवी आवृत्ती आली. मामूंनी ब्रॉडबँड घेतलं होतं, आणि बाहेरच्यांशी खेळायचं तर नवीच लागायची. पोरांनी कॅफे डोक्यावर घेतलं. कारण काय, तर जुन्या गेममध्ये लाकडी दारातून गोळी आरपार जायची, आणि दाराआडून मारण्यात विंझरच्याचा हात कुणी धरत नव्हतं. नव्यात दार पक्कं झालं. बंदुकीचा धक्का वाढला, पळत पळत मारलं की नेम चुकायला लागला. आणि एक धुराचा गोळा आला. फेकला की पांढरा धूर, आतलं काही दिसत नाही. पोरं म्हणायची, "चुलीत फुंकायला ठेवा तो."

सुट्टीला आलेला विंझरचा रोज रडायचा. "जुना लई भारी होता. ह्यांनी वाटोळं केलं गेमचं." ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. एक दिवस मी काउंटरवरूनच सुनावलं, "नाचता येईना, अंगण वाकडं! पाऊस लांबला म्हणून तुमी भाताची लावणी सोडून देता का? गेम बदलला तर बदलला. आपण बदलायचं." त्याला मिरची झोंबली. पण मी नुसती बोलत नव्हते. सकाळी कॅफे उघडायच्या आधी मामूंकडून किल्ली घ्यायची आणि एकटी बसायची. थांबून मारायला शिकले. धुराचा गोळा कुठून फेकला तर कुठं पडतो ते शिकले. भिंतीवर आपटून कोपऱ्यापलीकडं कसा टाकायचा तेही. महिनाभरात कॅफेत माझ्या समोर कुणी टिकेना, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा माज आला होता. असायलाच हवा.

पुण्याच्या मॅचचं विंझरच्यानं काढलं. स्वारगेटजवळच्या एका कॅफेत तो खेळायचा, तिथली पोरं त्याला गावठी म्हणायची. "भोरात मशीनवर काय, रेडे बांधता का?" असं म्हणाली होती. त्यांना नेटवरून हरवायचं, हे त्याच्या डोक्यात बसलं. आम्हालाही चेव आला. आधी एक सरावाची मॅच ठेवली.

त्या सरावात आमची लाईट गेली. पासलीच्याची मशीन बंद झाली, त्याचा शिपाई उघड्या मैदानात उभा. विंझरच्यानं घाईघाईनं इंग्रजी अक्षरात लिहिलं, लाईट गेली, थांबा. समोरून एकच शब्द आला. तर? आणि तिघांनी मिळून आमच्या उभ्या माणसाला चाळण केली. एका गोळीत मेला असता. त्यांनी हसायला म्हणून जास्त मारल्या.

विंझरचा लालबुंद झाला. तेव्हाच म्हणाला, "बास झालं. आता नाडीबिडी काय न्हाई. उभा दिसला की मारायचा."

मी म्हटलं, "मी न्हाई मारणार."

"त्यांनी मारलं ते?"

"त्यांच्याशी बोली कुठं झाली होती? बोली आपली आपल्यात आहे. तूच केलीस."

तो हसला, आणि माझंच हत्यार माझ्यावर उगारलं. "आता गं? गेम बदलला तर आपण बदलायचं, कोण म्हणत होतं? बदल की आता."

खरं सांगते, त्याचं बोलणं बिनतोड होतं. मग म्हणाले, "दार बदललं, बंदूक बदलली, मी शिकले. पण पडलेल्याला लाथ घालायची, हे काय गेमनं बदललं नाही. ते तू बदलतोयस." त्यानं हात झटकला. "मॅचमधी असलं काय केलंस ना, तर ही खुर्ची तुझी न्हाई. सांगून ठेवतो."  मी उशी सारखी केली आणि म्हणाले, "बघू."

मॅच दुपारी होती, लाईट असायच्या वेळेत. कॅफेत उभं राहायला जागा नव्हती. उत्रोलीपासनं पोरं आली होती. मामूंनी झेरॉक्स बंद ठेवलं. डाव इकडं तिकडं होत होत बरोबरीत आले आणि शेवटच्या डावात आमचे दोघं गेले, त्यांचेही दोघं गेले. उरले मी आणि पुण्याचा एक.

पाण्याच्या टाकीमागं गेले तर तो समोरच. पाठ नाही, तोंड माझ्याकडं. आणि हलेना. बंदूक अर्धवट वर, पाय पुढं, तसाच थिजलेला. त्याची लाईट गेली असेल, नेट अडकलं असेल. नाटकही असेल, मला काय दिसतंय? मागं नुसता कल्लोळ. "मार! मार! अगं मार की!" विंझरच्यानं माझ्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली होती, खुर्ची हलत होती. एक बटण दाबायचं होतं. पुण्याला हरवलं असतं, गावात नाव झालं असतं, खुर्ची राहिली असती. हे सगळं मला त्या वेळी लख्ख दिसत होतं. कुणी असं समजू नये की मी बावळट होते.

मी चाकू घेतला. टाकीच्या भिंतीकडं तोंड केलं आणि उभी राहिले.

 मग मागून पावलांचा आवाज आला, पडद्यातल्या. तो परत आला होता. त्यानं माझ्या पाठीत गोळी घातली. मॅच गेली. खाली अक्षरं आली: थँक्स भावा.

"ऊठ," विंझरचा म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. कुणीतरी मागून "मंदिरात नेऊन बसवा हिला" म्हणालं, कुणी "मशिदीत" म्हणालं, हशा झाला. मामू काउंटरवरून आले. त्यांना धंदा चालवायचा होता, पोरं रोजची. हळूच म्हणाले, "बेटा, सॉरी म्हण आणि संपव. एका शब्दानं काय होतंय?"

"चुकले असते तर म्हटलं असतं," मी म्हणाले. "चुकले नाही." उशी उचलली आणि काउंटरमागच्या स्टुलावर टाकून बसले. घरी गेले तेव्हा डोळे कोरडे होते. अम्मीनं तोंडाकडं नीट बघून घेतलं आणि ताट वाढलं.

खुर्ची उत्रोलीच्या एकाला दिली. नवा होता, हात चलाख. मी फॉर्म भरून द्यायची, झेरॉक्स काढायची, आणि ऐकायची. नाही म्हणू नका, जिवाला लागायचं. धुराचा गोळा कुणी चुकीचा फेकला की बोटं शिवशिवायची. दोनदा मनात आलं, जाऊ दे, म्हणावं सॉरी, बसावं आपलं. पण ते पाठीतलं थँक्स भावा आठवायचं आणि उलट मान ताठ व्हायची. त्यानं मारलं तो त्याचा डाव. मी नाही मारलं तो माझा. त्याच्यासारखं व्हायला मी सॉरी म्हणू? वा रे वा!

मग एका दुपारी आपापसात खेळ चालला होता. वेळ नसताना लाईट गेली. विंझरच्याची मशीन बंद, पासलीच्याचीही. उत्रोलीचा इन्व्हर्टरवर, या वेळी त्यांच्या विरुद्ध बाजूला. त्यानं ना चाकू काढला ना भिंत बघितली. ठो, ठो. दोघंही उभ्या उभ्या गारद.

"आरं ए! लाईट गेलीय ना!" विंझरचा ओरडला.

उत्रोलीचा भाबडेपणानं म्हणाला, "मंग? तूच तर म्हणला व्हतास, उभा दिसला की मार."

पंखे बंद पडले होते, त्यामुळं सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. आणि मी हसले. मोठ्यानं, स्टुलावरून पडेपर्यंत हसले. मामू "बेटा, बेटा" करत होते, पण मला थांबायचंच नव्हतं. विंझरचा अंधाऱ्या पडद्याकडं बघत बसला. त्यात त्याला त्याचं स्वतःचंच तोंड दिसत असणार.

लाईट आल्यावर तो काउंटरपाशी आला. पेनशी खेळत म्हणाला, "चल. बस."

"आधी बोली."

"आता काय ते... माहितीये की सगळ्यांना."

"माहिती असतं तर आत्ता मेला असतास का? मोठ्यानं बोल. नाडीसकट."

पोरं खिदळायला लागली. तो कावला, इकडं तिकडं बघितलं, आणि म्हणाला, "लाईट गेली की चाकू हातात, भिंतीकडं तोंड. नाडी तुटली की डाव थांबतो. त्याला कुणी हात लावत न्हाई."

"पुण्यासंगं बी?"

हे त्याला जड गेलं. पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. मी पण उठले नाही. उशीवर हात ठेवून बसले. शेवटी पासलीचाच बोलला, कधी नव्हे तो. "म्हण की रे. तुझाच नियम हाय."

"पुण्यासंगं बी," विंझरचा म्हणाला. मी उशी घेतली आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. उत्रोलीचा बिचारा आधीच उठून उभा राहिला होता.

पुण्याशी परत मॅच झाली. ती आम्ही हरलो, आणि हेही लोक हसून सांगतात. सांगू देत. पण त्यातला एक डाव कुणी सांगत नाही. त्या डावात आमची लाईट गेली. विंझरचा आणि पासलीचा, दोघांच्याही मशीन बंद. दोघांचे शिपाई एका बोळात उभे, आणि तिकडून पुण्याचे तिघं पळत निघालेले. त्यांना थांबा म्हणून काही उपयोग नाही, हे आता ठाऊक होतं. इन्व्हर्टरची दुसरी मशीन त्या दिवशी बिघडलेली, म्हणून चालू मी एकटी. नेम धरायलाही वेळ नव्हता. मी धुराचा गोळा काढला, ज्याला चुलीत घाला म्हणत होते तोच, आणि भिंतीवर आपटून बोळात टाकला. पांढरा धूर पसरला. आमचे दोघं दिसेनासे झाले. धुराच्या तोंडाशी मी उभी राहिले, थांबून, नव्या बंदुकीनं, जशी सकाळी सकाळी शिकले होते तशी. पहिला आला, पडला. दुसरा वळणावर पडला. तिसऱ्यानं मला टिपलं, पण तोवर मागचा धूर विरला होता आणि बोळ रिकामा होता; आमचे दोघं गोळी न लागता आपोआप गायब झाले होते.

विंझरच्याचा पडदा काळा होता, त्याला काहीच दिसलं नव्हतं. तो माझ्या खुर्चीमागं येऊन उभा होता. या वेळी ओरडला नाही, खुर्चीही धरली नाही.

"आमाला मारलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "हात लावू दिला न्हाई कुणाला."